तिसरी चूक

ॲग्नेस परेरा नवी रेकॉर्ड उभ्यानं ऐकायची. घरात दोन खुर्च्या होत्या, बाक होता, आईचा पलंग होता, पण पहिल्या ऐकण्याला ही बाई कशालाही टेकायची नाही. हात मागे बांधलेले, मान जरा डावीकडे, डोळे सताड उघडे. एक बाजू संपली की रेकॉर्ड उलटायची आणि परत तशीच उभी. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा म्हटलं, अगं बस की, पाय काय म्हणतील तुझे. तर म्हणाली, "बसून ऐकलं की आवडायला लागतं."

मग आवडण्यासाठीच घेतलीस ना रेकॉर्ड, असं मी विचारणार होते, पण तिनं हात वर केला. माणसाला हातानं गप्प करायची तिची एक पद्धत होती. तळवा समोर, बोटं जुळलेली, नाक्यावरच्या हवालदारासारखी. त्या हातापुढे आमचे फॅक्टरी मॅनेजरसुद्धा थांबायचे, तिथे मी कोण.

गाण्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी मालवणकडची, राहायची घाटकोपरला. नवऱ्याची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. मी अंधेरीच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत टायपिस्ट होते. सकाळी बस, संध्याकाळी बस, मधे दिवसभर टकटक, घरी गेल्यावर स्वयंपाक. तुला काय आवडतं असं त्या दिवसांत कुणी विचारलं असतं तर मी झोप असं सांगितलं असतं. तर अशा माझ्या नशिबी गाण्याची एवढी मोठी कानसेन मैत्रीण म्हणून आली, कारण माझं टेबल आणि तिचा टेलिफोनचा बोर्ड यांच्यात फक्त एक प्लायवूडची भिंत होती, तीही अर्धी.

ॲग्नेस मरोळच्या गावठाणातली. किरिस्ताव, पण मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. बारीक फुलांचा फ्रॉक, उजव्या हातात घड्याळ, आणि केसांवर मधोमध एक खळगा, वर्षानुवर्षं कानावर हेडफोन चढवल्यामुळे कायमचा पडलेला. एमआयडीसी झाली तेव्हा तिच्या आजोबांची भाताची खाचरं त्यात गेली. "तुमचं कॅन्टीन आमच्या खाचरात आहे," असं ती नव्या माणसाला सांगायची. रागानं नाही, पत्ता सांगावा तशी.

बोर्डावर लाइन आली की एक छोटं झाकण खट्कन पडायचं. मग वायरीची पिन त्या भोकात घालायची आणि बोलायचं. तिच्या त्या एका "हॅलो"नंतर समोरचा जे दोन शब्द बोलायचा, तेवढ्यावर तिला त्याचं सगळं कळायचं. अमक्याला ताप आहे, तमका बायकोशी भांडून आलाय, ठाण्याच्या साइटवरून बोलतोय म्हणणारा साहेब घरी गादीवर लोळतोय. चोरून ऐकते असं नाही, जोडताना कानावर पडतंच, असं तिचं म्हणणं. खरं बोलणारा माणूस शेवटचं अक्षर सोडून देतो आणि खोटं बोलणारा ते धरून ठेवतो, हा तिचा नियम.

मी हसायचे. एकदा नवऱ्याचा फोन आला, खालच्या वाण्याकडून. पवईच्या एका कंपनीत मुलाखत होती, ती बरी झाली, आठ दिवसांत कळवतो म्हणाले, असं त्यानं सांगितलं. मी खूश. डबा खाताना ॲग्नेस हळूच म्हणाली, तो मुलाखतीला गेलाच नाही गं. मला असा संताप आला की चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी नवऱ्यानंच कबूल केलं. पवईला गेला होता, कंपनीच्या गेटापर्यंतही गेला होता, तिथली तरणी पोरं बघून मागे फिरला आणि दिवसभर तलावाच्या काठावर बसून राहिला. मी दुसऱ्या दिवशी ॲग्नेसला सांगितलं. "माहीत होतं तर मला कशाला सांगितलंस," असंही म्हणाले. ती म्हणाली, "तुला सांगणार नाही तर मग मी तुझी कोण?" असं तिचं सरळ गणित. तिच्या जवळच्या माणसाला हे गणित फार महागात पडायचं.

आणि तिला सगळ्यात जवळचं माणूस म्हणजे बाई. बाईंचं नाव लिहीत नाही, ज्यांनी त्या काळात गाणं ऐकलंय त्यांना लिहायची गरज नाही आणि बाकीच्यांना लिहून उपयोग नाही. मोठ्या गायिका होत्या. ॲग्नेसनं त्यांना पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकलं आणि मग सोळा वर्षं दुसऱ्या कुणाकडे वळून पाहिलं नाही. पार्ला, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, उपनगरांत कुठेही बाईंचं गाणं असलं की ही तिसऱ्या रांगेत डाव्या टोकाच्या खुर्चीवर. रविवारी सकाळचं गाणं असेल तर चर्चमधली सहाची मिस्सा गाठून यायची. फ्रॉक घातलेली बाई शास्त्रीय गाण्याला बघून लोक वळून वळून पाहायचे. पार्ल्याला एका गृहस्थानं तर तिला सभ्यपणे सांगितलं की इंग्लिश पिक्चर पलीकडच्या थेटरात आहे. "हो का? मग तुम्ही इथे कसे?" असं विचारून ही आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

ती कधी वा म्हणायची नाही. मांडीवर ताल धरायची नाही. मान हलवायची नाही. तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं बारीक रेघा मारायची. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत एक पोस्टकार्ड काढायची आणि त्यावर बाईंच्या चुका लिहायची. वर नमस्कार, मग रागाचं नाव, मग एक, दोन, तीन. षड्ज जरासा खाली लागला. अंतरा घाईत घेतलात. पोटात दुखत होतं का, तिसरी तान अर्धी सोडलीत. खाली सही, ॲग्नेस परेरा, टेलिफोन ऑपरेटर, आणि कंपनीचा पत्ता, कारण गावठाणात परेरा चौदा आणि पोस्टमन एक. नवी रेकॉर्ड निघाली की तिचंही कार्ड जायचं.

मी एकदा म्हटलं, अगं किती आगाऊपणा, एवढ्या मोठ्या बाई त्या. तर म्हणाली, "चुका सांगण्यात काय वाईट आहे? आम्ही दर शनिवारी सांगतो." म्हणजे चर्चमध्ये. शनिवारी संध्याकाळी फादरसमोर गुडघे टेकून आठवड्यातल्या आपल्या चुका एकेक करून सांगायच्या, कुमसार म्हणतात त्यांच्यात. चुका ज्यांच्या मोजल्या जातात त्यांची काळजी कुणीतरी करतंय, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बाईंचं उत्तर मात्र कधी आलं नाही. एकदाच, घाटकोपरला गाताना बाई एका ठिकाणी थांबल्या, तबलजीकडे बघून हातानं जरा हळू असं सांगितलं, आणि तिसऱ्या रांगेच्या डाव्या टोकाकडे नजर टाकली. मागच्या कार्डात ॲग्नेसनं तबल्यामागे धावता असं लिहिलं होतं. मी शेजारीच बसले होते. ॲग्नेसनं मान खाली घातली आणि पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत तिकिटावर दाबलं. मला तेव्हा तिचा थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

मला गाण्याला न्यायची तिची हौस मला कधी समजली नाही. मी निम्म्या वेळा पेंगायचे. पण एक सकाळ आठवते. अंधेरीतल्या एका शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. बाईंनी षड्ज लावला आणि वरून विमान आलं. अंधेरीत विमानं जायचीच, पण हे अगदी मांडवाचं कापड फाडून जाईल असं खाली. बाई थांबल्या. तंबोरे चालू, त्यांचा हात तसाच वर, डोळे मिटलेले. विमान गेलं, त्याचा आवाज सहारच्या विमानतळाकडे विरत गेला, आणि बाईंनी पुन्हा षड्ज लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जागी होते म्हणून. दुसऱ्या दिवशी कार्डात चुका तीन होत्या आणि खाली एक जास्तीची ओळ होती. विमानाआधीचा षड्ज आणि विमानानंतरचा षड्ज एकच होता. सोळा वर्षांत तिनं बाईंचं केलेलं हे एवढंच कौतुक.

रेकॉर्डचं तिचं मत वेगळं होतं. घ्यायची प्रत्येक, निघाल्याबरोबर, अंधेरी स्टेशनासमोरच्या दुकानातून. दुकानदार बिचारा गझलांच्या कॅसेटी पुढे करून थकला. पण घरी आणून ऐकली की तिचं तोंड पडायचं. वीस-बावीस मिनिटांत राग कसला गाताय, घरी पाहुणे बसलेत का, असं ती रेकॉर्डशी बोलायची. रेकॉर्डवरच्या बाई म्हणजे लग्नाच्या फोटोतल्या बाई, छान दिसतात पण ओळखू येत नाहीत, असं म्हणायची. फळीवर रेकॉर्डी लावायचा तिचा क्रमही विचित्र होता. सालाप्रमाणे नाही, रागाप्रमाणे नाही. जिच्यात चुका जास्त ती हाताशी, जिच्यात कमी ती मागे. नवी आली की तिच्या चुका मोजून तिची जागा ठरायची. एक रेकॉर्ड तर बिनचूक होती, लोक तिची फार वाहवा करायचे. ती ॲग्नेसनं कपाटाच्या वर ठेवली होती, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्याखाली.

"चुका जास्त असल्या की बाई जास्त असतात गं," असं ती मला समजावून सांगायची. मी हो हो म्हणायचे. बस कधीची आहे हा विचार करत असायचे.

मग मुलुंडचं गाणं झालं. रविवार सकाळ. बाई तोवर सत्तरीला आल्या होत्या. त्यांना दोघींनी धरून स्टेजवर आणलं. गाणं सुरू झालं आणि मलासुद्धा कळलं, मला म्हणजे बघा. आवाज वर जाईना. वरच्या षड्जाच्या जवळ आल्या की बाई वळून दुसरीकडे जायच्या, आणि मागे बसलेली शिष्या तो सूर उचलून धरायची. एकदा दोनदा ठीक आहे. पण दर खेपेला तेच. मधेच आवाज फाटला, बाईंनी पाणी घेतलं, परत फाटला. आणि लोक टाळ्या वाजवत होते. जितका आवाज फाटेल तितक्या जास्त टाळ्या. शेवटी सगळा हॉल उभा राहिला. ॲग्नेस बसून राहिली. तिच्या तिकिटावर सुरुवातीच्या पाच-सहा रेघा होत्या. त्यानंतर तिनं पेन्सिल पर्समध्ये टाकून दिली होती.

परतीच्या बसमध्ये तिनं चुकांचा विषय काढला नाही. मी इतकी दमले होते की मला वाटलं बरंच झालं.

सोमवारी डब्याच्या सुट्टीत कार्ड समोर घेऊन बसली. वर नमस्कार लिहिला, रागाचं नाव लिहिलं आणि थांबली. मंगळवारीही तेच. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. आता इथे मी काय केलं ते मी मुद्दाम सांगते, कारण हे व्यक्तिचित्र लिहायला घेतलं ते त्यासाठीच. मला स्टेजवरच्या त्या बाईंकडे बघून माझी आई आठवत होती. तिचे हात थरथरायला लागल्यावरही ती हट्टानं नारळ फोडायला बसायची आणि आम्ही सगळे छान फुटला, छान फुटला म्हणायचो. मी ॲग्नेसला म्हटलं, किती चुका होत्या ते लिही आणि मोकळी हो.

"मोजल्या नाहीत," ती म्हणाली. "मोजता येण्यासारख्या नव्हत्याच."

"मग छान झालं म्हणून लिही. तुझ्या एका कार्डानं काय होतंय? म्हाताऱ्या माणसाला चार दिवस बरं वाटेल."

"पण छान झालं नाही ना."

"अगं, दया माया काही आहे की नाही तुला?" मी म्हटलं. खरंच असं म्हटलं. दमलेली होते, डोकं दुखत होतं, आणि तिचा तो काटेकोरपणा मला त्या दिवशी नकोसा झाला होता.

तिनं कार्ड जवळ ओढलं. मग लिहिलं. रविवारचं गाणं छान झालं. चूक नाही. खाली सही. वाचून बघितलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. संध्याकाळी गेटाबाहेरच्या लाल पेटीत ते मीच टाकलं. घरी जाताना मला आपण एक चांगलं काम केलं असं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात साडेअकराच्या सुमाराला बोर्डाचं झाकण पडलं. ॲग्नेसनं पिन लावली, नेहमीचं हॅलो म्हणाली आणि उभी राहिली. हेडफोनच्या वायरीनं तिची मान ओढली जात होती तरी ती उभीच. प्लायवूडवरून मला तिचं तोंड दिसत होतं. दुसरं झाकण पडलं, तिसरं पडलं, चौथं पडलं, तिनं एकाही लाइनला हात लावला नाही. इतक्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं हळूच पिन काढली आणि खाली बसली.

बाईंचा फोन होता. काय काय बोलणं झालं ते तिनं मला नंतर शब्दाला शब्द सांगितलं.

"परेरा का? तुमचं कार्ड आलं," बाई म्हणाल्या. "एकही नाही?"

पुढचंही बाईच बोलल्या.

"सोळा वर्षं तुमची कार्डं येतात. मी वाट बघते त्यांची. बाकीचे सगळे छानच म्हणतात हो. या खेपेला तुम्हीपण म्हणालात." मग त्या म्हणाल्या, "बरं. कळलं मला."

आणि फोन ठेवला. एवढंच. महिन्याभरात पेपरात चार ओळी आल्या की बाई यापुढे जाहीर कार्यक्रम करणार नाहीत.

मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं. मी तिच्यासमोर जाऊन सांगितलं की माझं चुकलं, मी तुला भरीला घातलं. ती म्हणाली, हात माझा होता. शनिवारी तिनं फादरना सांगितलं. फादरनी तीन प्रार्थना म्हणायला सांगितल्या. "तीन प्रार्थनांत भागतं का गं हे?" असं तिनं मला विचारलं. मला तर एकही येत नव्हती. त्यानंतर तिनं बाईंना दुसरं कार्ड लिहायचा कितीदा प्रयत्न केला. मुलुंडच्या गाण्याच्या चुका आठवून आठवून लिहायच्या, म्हणजे बाईंना वाटेल की मोजता येण्याइतक्याच होत्या, आणि त्या परत गायला बसतील. पण लिहायला घेतलं की दोन्ही बाजू भरून जायच्या. फाडून टाकायची. टेबलाखालच्या टोपलीत पोस्टकार्डांचे तुकडे असायचे.

ती बदलली. काम तसंच करायची, पण कुणाला ताप आहे, कोण घरी लोळतोय हे सांगणं बंद झालं. विचारलं तर म्हणायची, असेल बाबा, ठीकच असेल. कंपनीतल्या लोकांना वाटलं हिचा स्वभाव निवळला. मला त्या निवळण्याची भीती वाटायची. फळीवरच्या रेकॉर्डी तशाच, ती ऐकेना. बाईंना घरी जाऊन भेट असं मी सुचवलं, तर म्हणाली की जाऊन काय सांगू, मी खोटं बोलले हे त्यांना माहीत आहे आणि खरं सांगितलं तर ते त्याहून वाईट आहे. तिला फक्त एकच हवं होतं. बाईंनी आपल्याला पुन्हा चुका सांगू द्याव्यात. आणि बाई गातच नव्हत्या, तर चुका आणायच्या कुठून?

वर्ष दीड वर्ष असंच गेलं. दरम्यान कंपनीत नवा एक्स्चेंज आला, बटणांचा. बोर्ड काढला, झाकणं गेली. ॲग्नेसला डिस्पॅचला बसा म्हणाले. तिनं राजीनामा दिला. आई अंथरुणाला होती, तेही कारण होतंच. निरोपाचं भाषण मॅनेजरांनी केलं आणि तिचं नाव दोनदा चुकवलं. तिनं ती चूक दाखवली नाही.

आणि मग बाईंची नवी रेकॉर्ड आली. म्हणजे नवी नाही, मुलुंडच्या दोन वर्षं आधी गायलेली, कंपनीनं इतक्या उशिरा काढलेली. ॲग्नेसनं मला रविवारी बोलावलं. तिच्या घरी गेले तर रेकॉर्ड पिशवीतच होती, तिनं चार दिवस उघडली नव्हती. सुई पुसली, रेकॉर्ड लावली, हात मागे बांधले. एक हात मात्र मधे सोडवून तिनं भिंतीला टेकवला. मी बाकावर बसले होते. त्या दिवशी मी पेंगले नाही. दोन्ही बाजू झाल्या, मग तिनं पेन्सिल घेतली आणि दोन्ही बाजू परत ऐकल्या.

"दोन," ती म्हणाली. तिचा आवाज इतका सुटलेला मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. "दोन आहेत गं. पहिल्या बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक."

कार्ड लिहिलं. नमस्कार, रागाचं नाव, एक, दोन. या वेळी पत्ता घरचा. या वेळी टाकलंही तिनंच.

पंधरा दिवस गेले. ॲग्नेसकडे पोस्टमन आला नाही हे मला माहीत होतं, कारण मी दर दोन दिवसांनी तिच्या शेजाऱ्यांकडे फोन करून विचारत होते. मग एका सकाळी कंपनीत माझ्या टेबलावरचा फोन वाजला. नव्या एक्स्चेंजवरच्या पोरानं कुठलीतरी लाइन माझ्याकडे ढकलली होती.

"परेरा आहेत का?"

मला कान नाही, तरी मी ओळखलं. मी उभी राहिले, का ते माहीत नाही. ॲग्नेसनं नोकरी सोडली असं मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही ओळखता का त्यांना. मी म्हटलं, मैत्रीण आहे माझी.

"मग निरोप द्या. म्हणावं, दोन नाहीत, तीन आहेत. दुसऱ्या बाजूला. तिसरी त्यांनी सोडली."

मी विचारलं, तिसरी कुठे आहे म्हणून सांगू त्यांना.

"छे. त्यांचं त्यांना शोधू दे," बाई म्हणाल्या. "सापडली की लिहा म्हणावं. मी वाट बघते."

फोन ठेवला आणि मी खाली बसले. नऊ वर्षं मी ॲग्नेसच्या भिंतीपलीकडे बसले होते. गाणं नाही शिकले, पण तिचा तो एक नियम कानात बसला होता. बाईंनी तीन आहेत म्हणताना शेवटचं अक्षर धरून ठेवलं होतं. आणि त्या हसत होत्या. त्या रेकॉर्डीत तिसरी चूक नव्हती. मी आज हे शपथेवर सांगेन. ॲग्नेसनं त्यांना एकदा दयेपोटी चूक नाही म्हणून लिहिलं होतं, आणि बाईंनी तिला एक चूक परत पाठवली होती.

कंपनी सुटल्यावर मी घाटकोपरची बस न धरता सरळ मरोळला गेले. पुढे तीन महिन्यांत आम्ही मुंबईच सोडली, नवऱ्यानं गावी भावाबरोबर दुकान घातलं, आणि ते घर, ती गल्ली मला पुन्हा दिसली नाही. म्हणून ती संध्याकाळ मला नीट आठवते. ॲग्नेस ओट्यावर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. आतून आईचा खोकला ऐकू येत होता. मी निरोप सांगितला, जसाच्या तसा.

मांडीवरचं ताट तिनं बाजूला ठेवलं, सांडलं ते सांडू दिलं. आत गेली. रेकॉर्ड काढली, दुसरी बाजू वर केली, सुई टेकवली. हात मागे बांधून उभी राहिली, भिंतीला न टेकता.

"कशा आवाजात म्हणाल्या?" माझ्याकडे न वळता तिनं विचारलं.

"साध्या," मी म्हटलं.

माझंच शेवटचं अक्षर मला ऐकू आलं, किती लांब धरलं होतं मी ते. मला वाटलं आता ती वळेल. नऊ वर्षांत माझं एक खोटं तिच्या कानातून सुटलं नव्हतं. पण तिचा हात वर गेला होता, तळवा माझ्याकडे, बोटं जुळलेली. बाईंचा षड्ज लागला होता.

ती बाजू संपली. तिनं सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवली. ओठ हलत होते, पेन्सिल दातांत होती. मी आहे हे ती विसरून गेली होती. ओट्यावर सांडलेले वाटाणे मी गोळा करून ताटात ठेवले, चपला घातल्या आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दगडी क्रूसापर्यंत पोचले तोवर मागे तीच बाजू परत पहिल्यापासून सुरू झाली होती.